उजेड आणि त्याचं आयुष्य

पेरोव्स्काइट एलईडीची प्रगती बहुतेक ठिकाणी एकाच चढत्या आलेखाने सांगितली जाते. 2014 साली केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने खोलीच्या तापमानाला नीट उजळणारे असे दिवे दाखवले. तेव्हा अवरक्त दिव्याची बाह्य क्वांटम कार्यक्षमता 0.76 टक्के होती आणि हिरव्याची जेमतेम 0.1 टक्का. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात ते-वू ली यांच्या गटाने हिरवा दिवा 8.53 टक्क्यांवर नेला. 2018 च्या ऑक्टोबरात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन चिनी गटांचे निबंध शेजारी शेजारी छापून आले आणि दोघांनीही 20 टक्क्यांची रेषा ओलांडलेली होती. 2022 मध्ये ली यांच्या गटाने 28.9 टक्के गाठले. सेंद्रिय एलईडीला 1987 च्या साधारण 1 टक्क्यापासून 20 च्या आसपास यायला दशकाहून अधिक काळ लागला होता, हे लक्षात घेतलं की या वेगाचं महत्त्व कळतं.

आकडे खरे आहेत. पण 2022 च्या त्याच निबंधात आणखी दोन आकडे दिलेले आहेत आणि या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने ते आधी वाचावेत, असं मला मनापासून वाटतं. पहिला: चाळीस दिव्यांची सरासरी कार्यक्षमता 25.2 टक्के आली. दुसरा: प्रति चौरस मीटर 1,000 कँडेला एवढा उजेड ठेवला, तेव्हा तो निम्म्यावर यायला 520 तास लागले. 520 तास म्हणजे बावीस दिवसही नाहीत. निबंधात 30,000 तासांहून जास्त आयुष्याचाही उल्लेख आहे, परंतु ते 100 कँडेलाच्या मंद उजेडासाठी काढलेलं अनुमान आहे. उजेड दसपटीने कमी केला तर आयुष्य सुमारे 58 पटीने वाढेल, असं त्यामागचं गणित. अनुमान काढण्याची ही रीत सेंद्रिय एलईडीच्या क्षेत्रातही रूढ आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र 30,000 तास म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. तेवढा वेळ दिवा कोणी जाळून पाहिलेला नाही.

पुढच्या प्रकरणांचा सगळा रोख इथे आहे. उत्तम दिवा किती टक्क्यांचा, हा प्रश्न बराचसा सुटत आला. शंभर दिवे केले तर त्यांतले किती तसे निघतात आणि ते तसे किती दिवस राहतात, हा प्रश्न शिल्लक आहे. कार्यक्षमता सुधारण्याचा विचार यापुढे या दोन्ही गोष्टी धरूनच करावा लागेल.

छत्तीसगडमधल्या भिलाईत ही गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला इथला पोलाद कारखाना. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. दल्ली-राजहराच्या खाणीतलं लोहखनिज इथे येतं आणि रुळांच्या रूपाने देशभर जातं. आज आपण ज्या रुळांवरून प्रवास करतो त्यांतले बहुतेक इथे लाटलेले आहेत. रुळाचा सर्वांत मजबूत तुकडा कोणता, असं रेल्वे विचारत नाही. कच्च्यात कच्चा तुकडा कुठे आहे आणि तो किती वर्षं भार सोसेल, हे ती विचारते. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमधल्या घराघरांत ही समज पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. दिव्यांच्या संशोधनालाही आता तिचीच गरज आहे.

शहराच्या दुसऱ्या ओळखीला अजून फार वर्षं झालेली नाहीत. आयआयटी भिलाई 2016 मध्ये सुरू झाली ती रायपूरजवळच्या सेजबहारला, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. कुटेलाभाठा इथल्या तिच्या कायमच्या परिसराचं उद्घाटन 2024 च्या फेब्रुवारीत झालं. तिथल्या रसायनशास्त्र विभागात सत्यजित गुप्ता हॅलाइड पेरोव्स्काइटवर काम करतात. भौतिकशास्त्र विभागात ध्रितीसुंदर घोष यांचं काम पातळ थर, पारदर्शक इलेक्ट्रोड आणि पेरोव्स्काइट सौरघट यांवर आहे. सौरघट आणि एलईडी ही एकाच पदार्थाची उलट-सुलट दोन कामं आहेत. ज्या पदार्थात इलेक्ट्रॉन वाया जात नाहीत, तो उजेड पिऊन वीजही चांगली देतो आणि वीज पिऊन उजेडही. म्हणूनच सौरघटाच्या प्रयोगशाळेत हात बसलेला विद्यार्थी एलईडीकडे वळू शकतो. उपकरणं जवळपास तीच, चुकांच्या जागाही बऱ्याचशा त्याच.

मराठी वाचकाला हा मुलुख परका नाही. भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. उजेड देणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासाचा धागाही याच पट्ट्यातून जातो. नागपूर विद्यापीठात फॉस्फरवर अनेक दशकं सातत्याने काम झालं. तिथले संजय ढोबळे हे सेंद्रिय एलईडीवरच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी ग्रंथाचे सहलेखक आहेत. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात बी. पी. चंद्रा यांनी यांत्रिक दाबाने, घासण्याने, फोडण्याने स्फटिकातून निघणाऱ्या उजेडाचा अभ्यास केला. नागपूर ते रायपूर या रेल्वेमार्गावर कोणत्या पदार्थातून उजेड का निघतो, हा प्रश्न पेरोव्स्काइटचं नाव इथे पोचण्याआधीपासून विचारला जात होता.

आता पदार्थाकडे वळू. मूळ पेरोव्स्काइट हे कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं खनिज. 1839 मध्ये गुस्ताव रोझे यांना ते उरल पर्वतात सापडलेल्या नमुन्यात ओळखता आलं आणि लेव्ह पेरोव्स्की या खनिजांच्या रशियन संग्राहकाचं नाव त्याला दिलं गेलं. आपले दिवे या खनिजाचे नाहीत. त्याच्या रचनेचे आहेत. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एक मोठा धन आयन (सीझियम, किंवा मेथिलअमोनियमसारखा छोटा सेंद्रिय रेणू), मधोमध शिसं आणि शिशाच्या सहा बाजूंना सहा हॅलोजन: क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन. सीझियम, शिसं आणि हॅलोजन यांची संयुगं 1893 सालीच तयार झाली होती. त्यांची पेरोव्स्काइट रचना डेन्मार्कमध्ये मोलर यांनी 1958 मध्ये उलगडली. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. 2009 मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने 3.8 टक्के कार्यक्षमतेचा सौरघट केला, तेव्हा जगाचं लक्ष इकडे वळलं.

लक्ष वळण्याचं कारण मोठं विलक्षण आहे. गॅलियम नायट्राइडसारखा अर्धवाहक हजार अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला, अत्यंत शुद्ध वायूंतून, थरावर थर चढवत वाढवावा लागतो. पेरोव्स्काइट मिठासारखं द्रावणात विरघळतं, काचेवर टाकून गरगर फिरवलं की थर बसतो, आणि शंभर अंशांच्या आतबाहेर तापवलं की स्फटिक तयार. इतक्या ढोबळ रीतीने केलेल्या स्फटिकात दोष भरपूर असणार. तरीही तो झगझगीत उजळतो. नेहमीच्या अर्धवाहकात एखादा अणू जागेवर नसेल, तर त्याने सोडलेली पातळी ऊर्जेच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात खोलवर पडते आणि तिथे इलेक्ट्रॉन अडकून त्याची ऊर्जा उष्णतेत जाते. शिसं-हॅलाइड पेरोव्स्काइटमध्ये संयुजा पट्टा शिशाच्या आणि हॅलोजनच्या कक्षकांच्या परस्परविरोधी मिश्रणातून बनतो. त्यामुळे हॅलोजनची जागा रिकामी झाली तरी तिची पातळी पट्ट्याच्या काठाशीच राहते. इलेक्ट्रॉन तिथे थबकतो आणि सुटतो. दोष असून तो फारसा नडत नाही, ही या पदार्थाची खरी देणगी.

ती महाराष्ट्रात फार लवकर ओळखली गेली, आणि ही हकिगत मराठीत पुरेशी सांगितली गेलेली नाही. 2015 च्या सुरुवातीला झुरिकमध्ये माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने सीझियम-शिसं-हॅलाइडचे नॅनोस्फटिक द्रावणात तयार केले. त्याच वर्षी पुण्याच्या आयसर संस्थेत अंगशुमन नाग यांच्या गटाने आयआयटी मुंबईतल्या अरिंदम चौधुरी यांच्या साथीने ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवरचा निबंध ‘अँगेवांड्टे केमी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्फटिकांवर पडलेल्या उजेडातला जेवढा भाग शोषला गेला, त्यातला 90 टक्क्यांच्या आसपास पुन्हा उजेड होऊनच बाहेर पडत होता, आणि तोही रंगाच्या अगदी अरुंद पट्टीत. त्याहून मोलाचं निरीक्षण वेगळं होतं. एकेकटा नॅनोस्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की जुने क्वांटम डॉट, म्हणजे आधीच्या अर्धवाहकांचे नॅनोस्फटिक, लुकलुकतात: काही क्षण पेटतात, काही क्षण विझतात. विझण्याच्या त्या क्षणांत पडलेला उजेड वाया जातो. या निबंधात तपासलेल्या कणांपैकी सुमारे 90 टक्के कण 85 टक्क्यांहून जास्त वेळ पेटलेले आढळले. जुन्या क्वांटम डॉटना हे साधायला पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचं जाड कवच चढवावं लागत असे. इथे ते नव्हतं. निबंधाचे पहिले लेखक अभिषेक स्वर्णकार पुढे अमेरिकेत कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय अपारंपरिक ऊर्जा प्रयोगशाळेत गेले. 2016 मध्ये तिथल्या गटाने आयोडाइडच्या नॅनोस्फटिकांपासून 10.77 टक्क्यांचा सौरघट केला, त्या निबंधाचेही ते पहिले लेखक. मुंबईत आयआयटीच्या भौतिकशास्त्र विभागात दिनेश काब्रा पेरोव्स्काइटच्या एलईडी आणि सौरघट अशा दोन्हींवर काम करतात; त्याआधी त्यांनी फ्रेंड यांच्या केंब्रिजमधल्या गटात एलईडीवर काम केलेलं होतं. भिलाईच्या विद्यार्थ्याला शिकायला जायचं तर रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर एवढं घडलेलं आहे.

मग पदार्थ इतका गुणी असताना 2014 चा दिवा 1 टक्क्याच्याही आत का राहिला? कारण पदार्थ उजळणं वेगळं आणि त्याचा दिवा उजळणं वेगळं. विजेवर चालणाऱ्या दिव्यात तीन ठिकाणी गळती होते आणि बाह्य क्वांटम कार्यक्षमता हा तिन्हींचा गुणाकार असतो. शंभर इलेक्ट्रॉन तारेतून आत सोडले; त्यांतल्या किती जणांना मधल्या थरात होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, भेटली? भेटलेल्यांपैकी किती जोड्यांनी प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, दिला? आणि जन्मलेल्या फोटॉनांपैकी किती काचेबाहेर पडले? पहिल्या दोन्ही ठिकाणी 90 टक्के यश आलं आणि तिसऱ्या ठिकाणी 20 टक्के, तरी अंतिम उत्तर 16 टक्के येतं. हा गुणाकार नीट समजला नाही, तर पन्नास निबंध वाचूनही कोणी काय सुधारलं ते कळत नाही. एखादा गट नवा रेणू मिसळून कार्यक्षमता वाढल्याचं सांगतो, तेव्हा त्या रेणूने तिन्हींतली कोणती गळती थांबवली, हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पहिल्या गळतीचं बरंचसं कारण थराच्या बसण्यात असतं. उजेड देणारा थर काही दहा-वीस ते दोनेकशे नॅनोमीटर जाडीचा. त्यात सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक भोकं राहिली, तर खालचा आणि वरचा वाहक थर एकमेकांना थेट टेकतात आणि वीज पेरोव्स्काइटला वळसा घालून निघून जाते. सुरुवातीच्या दिव्यांचं मुख्य दुखणं हेच होतं. कोरियन गटाने 2015 मध्ये दोन गोष्टी केल्या. मेथिलअमोनियम ब्रोमाइड थोडं जास्त घालून, मोकळं धातुरूप शिसं उरणार नाही असं पाहिलं, कारण ते शिसं उजेड गिळत होतं. शिवाय थर फिरत असतानाच त्यावर दुसरा द्रव टाकून स्फटिक झटकन जमवले. त्यामुळे कण लहान राहिले आणि थर सलग बसला. दुसरा द्रव कोणत्या सेकंदाला टाकायचा, यावर सगळा खेळ असतो. काही सेकंद उशीर झाला की थर दुधाळ होतो. हे कसब निबंधाच्या पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेलं असतं. प्रत्यक्षात ते यायला महिने जातात. भिलाईच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत तर हे काम ग्लव्ह बॉक्सच्या आत, कोरड्या नायट्रोजनमध्येच करावं लागतं, आणि आतल्या पाण्याचं नि ऑक्सिजनचं प्रमाण दर दहा लाख भागांत एका भागाच्या खाली ठेवावं लागतं.

दुसरी गळती जास्त गुंतागुंतीची. स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि होल विरळ असतील, तर एकमेकांना गाठण्याआधी ते एखाद्या दोषात अडकतात. ते फार दाट झाले, तर तिघांची गाठ पडते: दोघे एकत्र येतात आणि सुटलेली ऊर्जा फोटॉन न होता तिसऱ्याच्या वाट्याला जाते. याला ओझे परिणाम म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये उजेडाचा पट्टा आहे. पहिलं टोक टाळायचं तर इलेक्ट्रॉन-होलना कमी जागेत कोंडायचं. त्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक नॅनोस्फटिकांची, जी पुण्याच्या कामात दिसली. दुसरी, मोठे सेंद्रिय रेणू घालून स्फटिकाचे पातळ पापुद्रे करण्याची. 2016 मध्ये टोरांटोतल्या एडवर्ड सार्जेंट यांच्या गटाने आणि नानजिंगच्या जियानपू वांग यांच्या गटाने अशा थरांतून अनुक्रमे 8.8 आणि 11.7 टक्के कार्यक्षमतेचे अवरक्त दिवे केले. पापुद्रे कमी-जास्त जाडीचे असतात. पातळ पापुद्र्यात शिरलेली ऊर्जा फार झपाट्याने जाड पापुद्र्याकडे वाहत जाते आणि तिथे एकवटून उजेड देते. मात्र कोंडण्यात अति झालं, की ओझे परिणाम वर डोकं काढतो आणि प्रवाह वाढवताच कार्यक्षमता घसरू लागते. म्हणून ज्या निबंधात कमाल कार्यक्षमता फक्त मंद उजेडाला गाठलेली असते, त्याच्याकडे मी सावधपणे पाहतो.

दोष बुजवण्याचं रसायनशास्त्रही इथेच येतं. स्फटिकाच्या पृष्ठभागावर शिशाचे काही अणू हॅलोजनवाचून उघडे राहतात. नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फॉस्फरस असलेले रेणू आपली इलेक्ट्रॉनची जोडी देऊन त्यांना झाकतात. 2022 च्या 28.9 टक्क्यांमागे बेंझिलफॉस्फॉनिक आम्ल होतं. ते थरात शिरून मोठ्या कणांचे नॅनोकण करतं आणि प्रत्येकाभोवती कवच धरतं. कोंडणं आणि झाकणं ही दोन्ही कामं एकाच रेणूने केली, म्हणून मला ते काम इतकं देखणं वाटतं.

तिसऱ्या गळतीकडे रसायनाच्या विद्यार्थ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि तीच सर्वांत मोठी आहे. विहिरीत बुडी मारून वर पाहिलं, की सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत आलेलं दिसतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. पाण्यात ती खिडकी उभ्या रेषेपासून साधारण 49 अंशांपर्यंत पसरते. पेरोव्स्काइटचा अपवर्तनांक 2 धरला तर ती फक्त 30 अंशांची उरते. तिच्याबाहेर निघालेला प्रत्येक फोटॉन आत परततो. साध्या सपाट थरासाठी बाहेर पडणारा वाटा ढोबळमानाने एक भागिले अपवर्तनांकाच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे 12.5 टक्के येतो. तरीही दिवे 20 च्या पुढे गेले आहेत. त्याची कारणं दोन ठिकाणी शोधावी लागतात. नानजिंगच्या 2018 च्या दिव्यात अमिनो आम्लाच्या प्रभावाने पेरोव्स्काइट सपाट न बसता मायक्रोमीटरहूनही लहान, सुट्या बेटांसारखं बसलं. बेटांच्या तिरक्या कडांवर आपटून फोटॉनांची दिशा बदलली आणि एरवी अडकले असते असे अनेक बाहेर पडले, कार्यक्षमता 20.7 टक्क्यांवर गेली. थर सदोष दिसत होता आणि तोच दोष कामाला आला. दुसरं कारण पदार्थाच्या अंगचं आहे. आत अडकलेला फोटॉन पेरोव्स्काइट पुन्हा शोषतं आणि नवा फोटॉन नव्या दिशेने सोडतं. त्याला बाहेर पडायची आणखी एक संधी मिळते. पण दर फेरीत दुसऱ्या गळतीचा कर द्यावा लागतो. पदार्थ 70 टक्क्यांचा असेल तर दोन-तीन फेऱ्यांत सगळं संपतं, 99 टक्क्यांचा असेल तर फोटॉन बराच काळ तग धरतो. म्हणून 90 वरून 99 पर्यंतची सुधारणा कागदावर लहान दिसली, तरी तिची किंमत फार आहे.

आता आयुष्याकडे. ज्या मऊपणामुळे हे स्फटिक द्रावणातून सहज जमतात, तोच मऊपणा त्यांच्या मुळावर येतो. दिव्यावर दोन-तीन व्होल्टचा दाब म्हणजे घरगुती विजेपुढे काहीच नाही. पण तो शे-दोनशे नॅनोमीटरवर पडतो, त्यामुळे विद्युत क्षेत्र प्रचंड होतं. त्या क्षेत्रात फक्त इलेक्ट्रॉन हलत नाहीत, हॅलोजनचे आयनही रिकाम्या जागांवरून उड्या घेत सरकतात. ते वाहक थरांत शिरतात, धातूच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचून त्याला खातात आणि मागे आणखी रिकाम्या जागा ठेवतात. पेरोव्स्काइट उष्णतेचं अतिशय मंद वाहक असल्याने निर्माण झालेली उष्णता तिथेच साचते, आणि उष्णता वाढली की आयन आणखी मोकळे होतात. आयुष्याचे छापले जाणारे बहुतेक आकडे खोलीच्या तापमानाला, सीलबंद अवस्थेत मोजलेले असतात. मे महिन्यात भिलाईत पारा 45 अंशांकडे जातो. भारतात हे संशोधन करणाऱ्यांनी आयुष्याची दुसरी मोजणी 45 अंशांनाही करून ती आवर्जून छापावी, असा माझा आग्रह आहे. त्यात आकडा खाली येईल, येऊ द्यावा.

निळा रंग या सगळ्या अडचणी एकत्र घेऊन येतो. निळ्यासाठी सहसा ब्रोमीनमध्ये क्लोरीन मिसळतात, आणि दिवा चालू असताना दोन्ही हॅलोजन वेगवेगळ्या भागांत गोळा होऊ लागतात. ब्रोमीनप्रधान भाग हिरवट उजळतो आणि डोळ्यांदेखत निळ्याचा रंग सरकतो. एरिक होक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ब्रोमाइड-आयोडाइडच्या मिश्रणात उजेडाखाली हे वेगळं होणं दाखवलं होतं. क्लोरीन वाढलं की दोषांच्या पातळ्याही खोल जातात, म्हणजे पदार्थाची मूळ देणगीच ओसरते. हिरवा आणि लाल पुढे गेले तरी निळा मागे आहे. आयुष्यात तर फारच.

या दिव्यांचा उपयोग कुठे, याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. घरातल्या बल्बची जागा ते घेणार नाहीत. उजाला योजना 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झाली आणि तिच्यातून 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. निळी चिप आणि पिवळा फॉस्फर यांचा तो दिवा स्वस्त आहे, टिकाऊ आहे. त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पेरोव्स्काइटचं बलस्थान रंगाची शुद्धता आहे. हिरव्या दिव्याची पट्टी सुमारे 20 नॅनोमीटर रुंद, आणि पडद्यांसाठी 2012 मध्ये ठरवलेल्या रेक-2020 या जागतिक रंगमानकाला असाच हिरवा लागतो. त्यातही योग असा, की नायट्राइड आणि फॉस्फाइड या दोन्ही कुळांतल्या एलईडी हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातच अडखळतात. नेमका तिथे पेरोव्स्काइट सर्वांत बलवान आहे. दूरदर्शन संच, फोन, शस्त्रक्रियागृहातले पडदे, शरीरातल्या प्राणवायूचं प्रमाण सांगणारे अवरक्त संवेदक, अशी याची क्षेत्रं.

शेवटी शिसं. 50 नॅनोमीटर जाडीच्या सीझियम-शिसं-ब्रोमाइडच्या एक चौरस मीटर थरात शिसं भरतं ते साधारण 0.09 ग्रॅम. हे कमीच आहे, आणि तेवढ्यावर अनेकजण विषय संपवतात. तो संपत नाही. भारताचे ई-कचरा नियम आणि युरोपातले नियम शिशाची मर्यादा एकजिनसी पदार्थाच्या वजनाच्या 0.1 टक्का ठेवतात; या थरात शिसं वजनाने 35 टक्क्यांच्या वर आहे. भंगारात पडद्यांचं काय होतं, हे भिलाई-दुर्गच्या कोणत्याही भंगारवाल्याच्या अंगणात दिसतं. एकूण वजन कमी आहे, हे तिथे उघड्या हाताने काम करणाऱ्या माणसाला सांगून भागणार नाही.

शिशाच्या जागी कथील घालता येतं, आणि इथे छत्तीसगडची जमीन या विषयात शिरते. देशात कथिलाच्या खनिजाचं उत्पादन करणारं हे एकमेव राज्य आहे. बस्तरच्या दंतेवाडा परिसरात स्थानिक आदिवासी कुटुंबं कॅसिटेराइट गोळा करतात आणि राज्याचं खनिज विकास महामंडळ ते विकत घेतं. रसायनाची अडचण अशी, की कथिलाला दोन इलेक्ट्रॉन सोडून थांबणं जमत नाही. हवेचा अंश लागला तरी ते आणखी दोन सोडतं आणि स्फटिकात रिकाम्या जागांची गर्दी होते. सत्यजित गुप्ता यांनी भिलाईला येण्यापूर्वी, इस्राएलमध्ये गॅरी होड्स आणि डेव्हिड काहेन यांच्यासोबत असताना, 2016 मध्ये सीझियम-कथील-ब्रोमाइडच्या सौरघटांत कथील फ्लोराइड मिसळून ही गर्दी कमी करण्यावर काम केलं होतं. कथिलाचे दिवे शिशाच्या दिव्यांपेक्षा आजही बरेच मागे आहेत. तरी हातातलं एखादं वर्ष कशावर घालवावं, असं कोणी मला विचारलं, तर मी शिशाच्या हिरव्या दिव्यात आणखी अर्धा टक्का वाढवण्यापेक्षा कथिलाचा लाल किंवा अवरक्त दिवा शंभर तास सारखा चालवून दाखवण्याच्या बाजूने कौल देईन.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच अग्रक्रमाने केली आहे. स्फटिकरचना थोडक्यात येते, कारण ती पाठ्यपुस्तकांत मिळते. तीन गळत्यांना एकेक प्रकरण आहे. त्यांतलं तिसरं, फोटॉन बाहेर काढण्याचं, सर्वांत जास्त आकृत्यांचं. आयुष्यमापनाचं प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन वाचावं: त्यात मंद उजेडासाठीचं अनुमान कसं काढतात, त्यातला घातांक कसा ठरतो आणि तो 1.5 ऐवजी 2 धरला तर त्याच मोजणीतून आयुष्य किती फुगतं, हे उदाहरणं सोडवून दाखवलं आहे. निळ्याला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कथिलालाही. बारावीचं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्कं असलं तर कुठे अडायला होणार नाही. फक्त ओझे परिणामाच्या गणिताला पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं कलनशास्त्र लागेल.